ओल्या कापडाखाली

"आता नको. उद्या बघू," हे म्हणाले.

जीप वर्कशॉपच्या आवारात उभी होती आणि इंजिन बंद करून हे तसेच बसून राहिले होते. देवगडच्या किनाऱ्यावरून सकाळी निघालो तेव्हापासून पाऊस आमच्या मागे होता, तो थेट फोंडा घाट चढून वर येईपर्यंत. राधानगरीपुढे आभाळ उघडलं आणि सांगलीत शिरलो तर लख्ख ऊन. इथे टिपूसही पडला नव्हता.

"उद्यापर्यंत कापडाला बुरशी धरेल," मी म्हणाले. "अजून ऊन आहे. नुसतं उघडून तरी ठेवू."

"अंगात त्राण नाही, नलू."

"कापड मी शिवलंय. तुम्ही नुसत्या पायपा वाकवल्यात."

त्यावर ते हसले आणि खाली उतरले.

ती ट्रॉली म्हणजे आम्हा दोघांचं वेड होतं. ह्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, माझं घरी बायकांचे ब्लाउज नि पोरींचे फ्रॉक शिवायचं काम. मूलबाळ झालं नाही. मग एका दिवाळीला ह्यांच्या डोक्यात आलं, की जीपला मागे जोडायची एक ट्रॉली करायची, जी उघडली की तंबू होईल. खाली लोखंडी पेटी, कमरेइतकी उंच. वरची दोन झाकणं बिजागऱ्यांवर दोन्ही बाजूंना उलगडली की त्यांचे पलंग व्हायचे, आणि मधून पायपांच्या कमानी उभ्या राहिल्या की त्यांच्यासोबत जाड कापडाचं छप्पर वर यायचं. सगळं मिटलं की कापड झाकणांच्या आत दडपून बसायचं. तळाशी पोकळी होती. तिच्यात गाद्या, स्टोव्ह, बादली असं सामान ठेवायचं, ते मागच्या बाजूच्या झडपेतून. झडपेला बाहेरून कडी.

त्या सकाळी पावसातच आवरावं लागलं होतं. कापड इतकं भिजलं होतं, की घडी करायला गेलं की कोपराकोपरातून पाणी सांडायचं. गाद्या तरी कोरड्या राहाव्यात म्हणून ह्यांनी त्या जीपमध्ये घेतल्या. पोकळीत नुसता स्टोव्ह आणि बादली राहिली. निघताना झडप नुसती लोटलेली दिसली, तिला ह्यांनी आत न बघताच कडी घातली. घाटात मागून एकदोनदा धपधप आवाज आला तेव्हा हे म्हणाले होते, "स्टोव्ह सुटलाय वाटतं." पावसात उतरून बघायचं त्यांच्या जिवावर आलं.

आवारात आम्ही दोर सोडले. ह्यांनी डावीकडचं झाकण उलगडलं, मी उजवीकडचं. कापडाचा तो ओला गोळा दोघांनी मिळून कडेला ओढला आणि पोकळीवरची फळी वर केली.

मला पाऊल दिसलं. बोटात जोडवी होती. पावलाची कातडी पाण्यात फार वेळ राहिल्यावर होते तशी पांढरी, सुरकुतलेली. माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं असेल, तर ही कोणाची चप्पल राहिली. आपण काय बघतोय ते मनाला कळायच्या आधी डोळ्यांना कळतं, असं काहीतरी त्या दिवशी झालं. ह्यांच्या हातातून फळी सुटली. मी ती कोपरावर झेलली. त्याचा व्रण अजून आहे.

"नलू," हे म्हणाले, "मागे हो."

मी मागे झाले नाही. बाई कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. स्टोव्ह तिच्या पाठीला टेकलेला, बादली उराशी धरलेली. बादलीत ओकलेलं होतं. पेटीच्या तळाला पाणी जायला भोकं ठेवली होती, त्यातल्याच एका भोकाशी तिचं तोंड होतं. मी हात लावला तर अंग थंडगार. मग तिनं डोळे उघडले.

"सांगली इली काय?" तिनं विचारलं.

आली, असं मी म्हणाले. दुसरं काय बोलणार होते. तिनं मान हलवली आणि उठायचा प्रयत्न केला, पण पाय तिला उचलेनात. ह्यांनी आणि मी मिळून तिला बाहेर काढलं आणि वर्कशॉपच्या ओट्यावर बसवलं. तेव्हा कुठे मला चेहरा नीट दिसला. ती प्रमिला होती. किनाऱ्यावर ज्या आबा तारी यांच्या वाडीत आम्ही तंबू लावला होता, त्यांची सून. तिथे होतो तेवढे दिवस तिनंच आम्हाला वाढलं होतं. सकाळी निघताना आबांच्या पडवीत चहा घेत होतो तेव्हा ती दिसली नाही, म्हणून मी विचारलंही होतं. सासू म्हणाली होती, "न्हाणीत असेल."

हे विडी पेटवायचा प्रयत्न करत होते. "उद्या उघडायचं म्हणत होतो मी," ते म्हणाले. तेच तेच पुन्हा म्हणत राहिले. मी त्यांना रिक्षा आणायला पाठवलं.

घरी आणून तिला गरम पाण्यानं अंघोळ घातली, माझं पातळ दिलं. चहात बुडवून दोन पाव खाल्ल्यावर तिच्या ओठांना रंग आला. मग मी विचारलं, "अगं, जीव गेला असता. असं का केलंस? आम्हाला सांगितलं असतंस तर जीपमधून आणलं नसतं का?"

"तुम्ही आबांना विचारलं असतंत," ती म्हणाली.

ते खरं होतं.

"माझी मुलगी मिरजेला आहे," तिनं सांगितलं. "दीपाली. दीपू म्हणतो आम्ही. माझ्या नणंदेकडे, सुगंधावन्संकडे."

दीपूला फिट्स यायच्या. शिमगा झाल्यावर आबांनी तिला मिरजेच्या डॉक्टरांना दाखवायला आणलं. औषध लागू पडलं, पण परत परत दाखवायचं होतं म्हणून पोरगी आत्याकडेच राहिली. प्रमिलाला तेव्हा दिवस होते, तिला प्रवास नको म्हणाले. पुढे पाऊस लागायच्या सुमाराला सातव्या महिन्यात तिचं बाळ गेलं. ती स्वतःच मरणाच्या दारातून परतली. बरी झाल्यावर म्हणायला लागली, मला पोरीकडे न्या, नाहीतर तिला आणा. कधी आबांचं काम निघायचं, कधी सासूचा दमा. कधी म्हणायचे, तू जाऊन परत आलीस की पोर रडून रडून आजारी पडेल. गणपतीला तरी आणतील असं तिला वाटलं. तर डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय, असा निरोप आला.

"तुझा नवरा?" ह्यांनी विचारलं.

"बोटीवर आहेत. गणपतीला आले होते. आल्याबरोबर मिरजेला जाऊन आले. मी म्हटलं, मला न्या. तर म्हणाले, पुढच्या वेळी." ती थांबली. "तिथून आल्यावर माझ्याकडे बघेनात. बरी आहे, म्हणायचे, आणि उठून बाहेर जायचे. तेव्हाच मला कळलं."

"काय कळलं?"

"वन्संना मूल नाही. घरच्यांनी दीपूला त्यांना देऊन टाकली."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते खाली बघत होते.

"मी फ्रॉक शिवून पाठवते," प्रमिला म्हणाली. "हातानंच, मशीन नाही माझ्याकडे. एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर नाचणीचे लाडू पाठवते. आबाच नेऊन देतात स्टँडवर. लाडू आवडले म्हणून निरोप येतो. पण फोन आबा लावतात आणि सांगतात, पोरगी येत नाही. खेळायला गेली, झोपली, लाजते. आई असून माझ्याशी लाजते?"

मला तिचा राग पटला. पटला म्हणजे माझ्याच अंगात भिनला. मूल नसणं काय असतं ते मला ठाऊक होतं. पण म्हणून दुसरीचं काढून घ्यावं? त्या न बघितलेल्या सुगंधाला मी मनातल्या मनात नाही नाही ते बोलले.

हे उठले. "तिकडे कळवायला पाहिजे."

"नको, दादा."

"विहिरी धुंडाळत असतील गं. समुद्रात होड्या घातल्या असतील. नुसतं सांगतो, जिवंत आहे म्हणून."

नाक्यावर एस.टी.डी. बूथ होता. तिघंही गेलो. आबांच्या गावात फोन किराणा दुकानात होता. दुकानदारानं माणूस पाठवला, थोड्या वेळानं आम्ही पुन्हा लावला. ह्यांनी सांगितलं, "आबा, प्रमिला आमच्याकडे आहे. सुखरूप आहे." मग आबांचा आवाज मलाही काचेच्या बाहेर ऐकू आला, इतका चढलेला.

हे फोन ठेवून बाहेर आले. चेहरा पडलेला.

"काय म्हणाले?"

"सकाळच्या गाडीनं निघतो म्हणाले. आणि म्हणाले, मी येईपर्यंत तिला मिरजेला नेऊ नका. काही झालं तरी नेऊ नका."

प्रमिला माझ्याकडे बघून म्हणाली, "बघितलंत?"

मग तिला थांबवणं माझ्या हातात नव्हतं, आणि माझ्या मनातही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. ट्रॉली तशीच आवारात उघडी पडली होती. तिच्याकडे बघवत नव्हतं.

सुगंधाचा नवरा रेल्वेत होता. मिरजेला स्टेशनपलीकडे रेल्वेच्या चाळवजा वसाहतीत त्यांचं घर. गल्लीच्या तोंडाशी ह्यांनी जीप थांबवली. ठरलं होतं ते असं, की मी आधी जायचं. "मला बघितलं तर त्या मागच्या दारानं दीपूला शेजारी पाठवतील," प्रमिला म्हणाली होती. मी जाऊन मुलगी घरात आहे का बघायचं, तिचा हात धरायचा, मग प्रमिलानं यायचं. तिनं मला खूण सांगितली: उजव्या भुवईत लहानसा तुटका भाग आहे, झोपाळ्यावरून पडली होती.

दार उघडंच होतं. सुगंधा उंबऱ्याशी बसून भाजी निवडत होती. माझ्याच वयाची, जाडसर, गोरी. मी म्हटलं, "आत येऊ का? मी सांगलीहून आलेय. दीपूला बघायला."

तिच्या हातातली मेथीची जुडी खाली गेली.

"कोणी पाठवलं?"

"तिच्या आईनं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी सरळ आत गेले. दोनच खोल्या होत्या. छताला एक झोपाळ्याची कडी होती, पण झोपाळा नव्हता. लहान मुलाची चप्पल नाही, पाटी नाही, तारेवर कपडा नाही. मला वाटलं, फोन इथेही पोचला, लपवलं मुलीला.

"कुठे आहे ती?" माझा आवाज चढला होता. "आईपासून मूल तोडताना काही वाटलं नाही तुम्हाला?"

सुगंधानं दार लोटून घेतलं. कडी लावली नाही, नुसतं लोटलं. मग कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात एकावर एक फ्रॉक ठेवले होते. हातशिलाईचे. मी त्यातला एक उचलला. माझा धंदाच तो, त्यामुळे हात आपोआप शिवणीवर गेला. बारीक, एकसारखा टाका. खाली दुसरा, तिसरा. प्रत्येक आधीच्यापेक्षा बोटभर लांब, पोर वाढत असणार असा अंदाज घेऊन शिवलेला. एकालाही अंगाचा वास नव्हता. एकही धुतलेला नव्हता.

मी सुगंधाकडे बघितलं.

"ज्येष्ठात," ती म्हणाली. "संध्याकाळी ताप भरला. सकाळी दवाखान्यात नेली. मेंदूत गेला म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली."

मी फ्रॉक हातात धरून उभी राहिले. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"त्याच आठवड्यात तिकडे प्रमिलाचं बाळ गेलं होतं," सुगंधा सांगत होती. "रक्त थांबत नव्हतं. आबा म्हणाले, आत्ता कळलं तर ही पण जाईल. थोडी उभी राहू दे, मग सांगू. मग म्हणाले, उल्हास आला की तो सांगेल. नवऱ्यानंच सांगितलेलं बरं. उल्हास आला. इथे येऊन त्या कोपऱ्यात दिवसभर बसला. मला म्हणाला, ताई, जमलं तर सांगतो. त्याला जमलं नाही. तो बोटीवर गेला. मग आबा मला म्हणायला लागले, तू बाईमाणूस, तू सांग."

"आणि लाडू आवडले म्हणून निरोप..."

"मी कधी पाठवला नाही. ते आबा तिकडच्या तिकडे सांगत असतील." तिनं तोंडाला पदर लावला. "लाडू मी कोणाला दिले नाहीत. खाल्ले पण नाहीत. काय करायचं असतं अशा लाडवांचं?"

सुगंधानं माझा दंड धरला.

"ती आलीय का तुमच्याबरोबर?"

"गल्लीच्या तोंडाशी आहे."

"ताई, पाया पडते. तिला सांगा, घराला कुलूप आहे. आम्ही गावाला गेलोय. आज आबा येतायत, तसा त्यांचा फोन आला होता. ते बघतील. घरातल्या माणसानं सांगू दे."

मी बाहेर पडले. गल्ली लहानशी होती. जीप दिसत होती. जीपच्या दारातून प्रमिलानं एक पाय खाली सोडला होता. एवढ्या वाटेत मी कुलूप लावून बघितलं. म्हणजे मनात ते वाक्य म्हणून बघितलं: घराला कुलूप आहे. अगदी सोपं होतं. म्हटलं असतं तर ती सांगलीला परत आली असती, जेवली असती, आबांची वाट बघितली असती. आबांनी काहीतरी सांगितलं असतं. पुन्हा फ्रॉक शिवला असता तिनं. मला तेव्हा कळलं, की त्या घरातल्या प्रत्येकानं एवढंच केलं होतं, एकेक दिवस.

मी जीपशी पोचले. फ्रॉक माझ्या हातातच राहिला होता, हे तिच्या नजरेवरून मला समजलं.

"आहे?" तिनं विचारलं.

"प्रमिला, दीपू गेली."

"कुठे गेली?"

ह्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले.

"वारली गं. ज्येष्ठात ताप आला होता. तू आजारी होतीस तेव्हाच."

ती रडली नाही. माझ्या हातातला फ्रॉक तिनं घेतला, उलटा केला, आतली शिवण बघितली, पुन्हा सुलटा केला.

"हा गणपतीचा," ती म्हणाली. "गणपतीला पाठवलेला."

मग ती खाली उतरली आणि गल्लीतून चालू लागली. मी मागे धावले. मला वाटलं, ही आता सुगंधाच्या अंगावर जाईल. सुगंधा दारात उभी होती. दोघींमध्ये हातभर अंतर राहिलं तेव्हा प्रमिला थांबली.

"वन्सं, तुम्ही जवळ होतात?"

"होते."

"पूर्ण वेळ?"

"हात सोडला नाही मी तिचा."

प्रमिला आत गेली आणि भिंतीला टेकून खाली बसली. सुगंधा तिच्याजवळ जायला धजेना. मी पाणी दिलं, ते तिनं बाजूला ठेवलं.

मग ती म्हणाली, "शिमग्यापासून सांगा."

"काय?"

"इथे आली तेव्हापासून. सगळं. मी नव्हते ना."

सुगंधा माझ्याकडे बघायला लागली. मग चाचरत तिनं सुरुवात केली. पहिल्या रात्री रडली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरातलं कुत्रं बघायला गेली. कडू औषध गुळात घालून द्यावं लागायचं. आगगाडी आली की पळत जाऊन डबे मोजायची, आणि मोजताना एक आकडा नेहमी गाळायची. प्रमिलानं मध्येच विचारलं, "कुठला?" सुगंधा म्हणाली, "सात." "घरी पण सात गाळायची," प्रमिला म्हणाली. सुगंधा सांगत होती आणि प्रमिला प्रश्न विचारत होती. वेणी कोण घालायचं, वरण खायची का, अंधाराला घाबरायची का. आधी सुगंधाच्या तोंडून शब्द ओढून काढावे लागत होते, मग तिचं तिलाच आठवायला लागलं. एकदा तर दोघी हसल्या. पोरीनं स्टेशनमास्तरांना मामा म्हणून हाक मारली होती, त्यावर. हसल्या आणि एकदम गप्प झाल्या. त्या शेवटच्या दोन दिवसांपर्यंत येता येता दुपार झाली. तेही प्रमिलानं सगळं ऐकलं. मला ऐकवलं नाही, मी स्वयंपाकघरात जाऊन भात टाकला.

आबा आमच्याकडे आले तर त्यांना इकडे पाठवावं, म्हणून हे सांगलीला निघून गेले होते. मी थांबले. थांबायचं कारण मला सांगता आलं नसतं, पण जाणं जमत नव्हतं.

आबा आले तेव्हा उन्हं कलली होती. बाहेर चपला काढताना त्यांनी दारातून आत बघितलं. सून आणि लेक शेजारी शेजारी बसलेल्या, दोघींच्या मध्ये फ्रॉकांची चळत. त्यांना विचारावं लागलं नाही. उंच, ताठ म्हातारा. किनाऱ्यावर मासळीच्या पाट्या डोक्यावरून वाहून आमच्यासाठी ताजी सुरमई निवडून आणणारा. उंबऱ्यातच त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभे राहिले.

"प्रमिला," ते म्हणाले.

प्रमिला उठली. तिनं त्यांना पाय धुवायला पाणी दिलं. ताट वाढलं, भात, आमटी, मेथीची भाजी. आबा ताटावर बसले, पण घास घेईनात.

"जेवा, आबा," ती म्हणाली. "सकाळपासून उपाशी असाल."

त्यांनी एक घास घेतला.

"मला एकच सांगा," प्रमिला त्यांच्यासमोर बसत म्हणाली. "कोणाकोणाला माहीत होतं?"

"कशाला आता..."

"सांगा."

आबांनी ताटातल्या भाताकडे बघत सांगायला सुरुवात केली. सासूला माहीत होतं. उल्हासला. धाकट्या दिराला आणि जावेला. किराणा दुकानातल्या वामनला, कारण फोन तिथेच आला होता. एस.टी.च्या ड्रायव्हरला, जो पुडकी न्यायचा. शेजारच्या भागीरथीकाकीला.

"भागीरथीकाकी?" प्रमिलानं विचारलं. "मी तिच्याकडूनच कापडाचे तुकडे घ्यायची फ्रॉकला."

आबा पुढे सांगू लागले. गुरुजींना माहीत होतं, शाळेच्या पटावरून नाव काढावं लागलं होतं. बंदरावरच्या बायकांना. देवळातल्या गुरवाला. मी दाराशी उभी राहून ऐकत होते आणि मला किनाऱ्यावरचे ते दिवस आठवत होते. आम्ही वाळूत बसलो असताना जाणारी येणारी प्रत्येक बाई प्रमिलाशी थांबून चार शब्द गोड बोलायची. मला वाटलं होतं, किती माया आहे गावात. सगळ्यांना ठाऊक होतं. एका गावानं मिळून तिला पाच महिने सांभाळलं होतं आणि तिला जिवंत पोरीची आई ठेवलं होतं.

आबांची नावं संपली. प्रमिला प्रत्येक नावाला मान हलवत होती, जणू मनात एकेकाला भेटून येत होती.

मग तिनं विचारलं, "आणि माझी आई?"

आबांनी हात ताटातच ठेवला. वर बघितलं नाही.

"तिला कधी?"

"पहिल्यांदा तिलाच कळवलं," आबा म्हणाले. "तीच म्हणाली, नका सांगू."

प्रमिलाचा चेहरा मी तेव्हा बघितला. जीपशी मी सांगितलं तेव्हाही तो असा झाला नव्हता. बाळ गेल्यावर तिची आई येऊन तिच्याजवळ महिनाभर राहिली होती, हे तिनं आदल्या दिवशी मला सांगितलं होतं. तेल लावायची, भरवायची, आणि रात्री शेजारी निजून दीपूच्या गोष्टी करायची.

प्रमिलानं आबांच्या पानात आणखी आमटी वाढली.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. त्या ट्रॉलीचं कापड बुरशी लागून वाया गेलं, पेटी ह्यांनी भंगारात दिली. नवी करायचा विषय दोघांपैकी कोणी काढला नाही. प्रमिला काही महिने सुगंधाकडेच राहिली. मग उल्हास बोटीवरून आला, तिच्यासमोर बसून पोटभर रडला आणि तिला घेऊन गावी गेला. तिनं सासूला दम्यात सांभाळलं, आबांना शेवटच्या दुखण्यात हातानं भरवलं, भागीरथीकाकीच्या नातीच्या लग्नात राबली. पुढे तिला मुलगा झाला. बारशाला आम्ही गेलो होतो. सगळं गाव होतं. सुगंधा पाळण्याची दोरी धरून बसली होती.

माहेरचं कोणी दिसलं नाही. मी सुगंधाला हळूच विचारलं, तर ती म्हणाली, प्रमिलाची आई दोनदा दारापर्यंत येऊन गेली. प्रमिला घरात होती. तिनं सासूकडून निरोप पाठवला, की घराला कुलूप आहे.